वाचक विचारतात : घरफोडीनंतर आधी दार, मग कॅमेरा

या अंकात घरफोडीबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांचं घर फुटलं त्यांचा ठावठिकाणा छापून येणं बरं नाही.

चार दिवसांनी गावाहून परतलो तर कडी-कोयंडा उचकटलेला, कपाट उलटंपालटं. पोलिस येण्याआधी शेजारीपाजारी आत येऊन गेले, बायकोने कपडे आवरले. ठसे मिळाले नाहीत. फिर्याद झाली, पण रोज काही ना काही नव्याने गेल्याचं लक्षात येतंय. आता काय करायचं? (हडपसर, पुणे)

फिर्याद नोंदवली म्हणजे यादी बंद झाली, असं नसतं. नंतर लक्षात आलेल्या वस्तूंसाठी तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब देता येतो. मात्र रोज एकेक वस्तू सांगायला ठाण्यात जाऊ नका. एक-दोन दिवस घेऊन घर कप्प्यावार तपासा आणि एकच नीट यादी द्या. दागिन्यांचं वजन ग्रॅममध्ये लिहा. सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम, जुन्या हिशेबात तो पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. पुढे वस्तू ओळखताना आणि विम्याच्या वेळी हा घोळ नडतो. नुसतं ‘मंगळसूत्र १’ असं लिहू नका. पदर किती, वाट्या कशा, कुठे डाग दिला आहे, हे लिहा. दागिना अलीकडचा असेल तर बिलावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असू शकतो, तोही द्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक चोर कुठे आहे ते सांगणार नाही, पण दागिना सापडला तर तो तुमचाच हे ठरवायला त्याच्याइतका सोपा पुरावा नाही. बिल नसेल तर लग्नकार्यातले फोटो शोधा आणि सराफाकडून जुन्या नोंदीचा उतारा घ्या.

उशिरा लक्षात येतात त्या बहुतेक बिनकिमतीच्या वाटणाऱ्या वस्तू, आणि पुढचा त्रास त्यांचाच होतो. चेकबुक गेलं असेल तर चेकचे क्रमांक देऊन पेमेंट थांबवा. लॉकरची किल्ली गेली असेल तर बँकेला लेखी कळवा. बँक तुमच्यासमोर कुलूप तोडून नवं बसवते, खर्च तुमचा. मोबाइल गेला असेल तर सिम बंद करून घ्या आणि सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर हँडसेट ब्लॉक करा. त्याच नंबरावर बँकेचे ओटीपी येत असल्याने हे काम त्याच दिवशी व्हायला हवं. पासपोर्ट गेला असेल तर फिर्यादीत त्याचा क्रमांक येऊ द्या. घराचा मूळ करारनामा गेला तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. अर्जासोबत फिर्यादीची प्रत जोडा. गाडीची किंवा घराची जादा किल्ली नाहीशी झाली असेल तर ते कुलूप आजच्या आज बदला. फुटलेल्या घरात चोर पुन्हा येतात. वाट त्यांना ठाऊक झालेली असते.

फिर्यादीची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. त्यात भारतीय न्याय संहितेची कलमं नीट पाहा: राहत्या घरातली चोरी ३०५, घरफोडी ३३१. चोरीसाठी केलेली रात्रीची घरफोडी ३३१(४) मध्ये येते आणि तिला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा नुसती ‘चोरी’ लिहून घेतली असेल तर विचारा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

ठसे गेले ते गेले. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: कुलूप तुटलेलं दिसलं की आत जाऊ नका, चोर आत असू शकतो. जिन्यात थांबून ११२ लावा. काच, स्टील, सनमायका अशा गुळगुळीत पृष्ठभागावर ठसा चांगला उठतो, तेव्हा कपाटाची मूठ, ड्रॉवर, देव्हाऱ्यातली ताटली, ओट्यावरचा ग्लास यांना हात लावू नका. श्वानपथक येणार असेल तर जिन्यात गर्दी होऊ देऊ नका. घरातल्यांचे ठसेही घेतले जातात, ते वगळण्यासाठी. त्याचा राग मानू नका. उरलेला ठसा पोलिसांच्या अँबिस या ठशांच्या संगणक प्रणालीत सराईत गुन्हेगारांशी ताडून पाहता येतो. तुटलेला कोयंडा आणि कुलूप हा मुद्देमाल आहे, सुताराला टाकायला देऊ नका. आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. प्रवेश कुठून झाला आणि काय तुटलं हे त्यात आलंच पाहिजे, कारण विम्याचा दावा त्या एका वाक्यावर उभा राहतो.

चोर पकडला गेला. पोलिस म्हणतात, दागिने वितळवून केलेली लगड मिळाली आहे. ती आम्हाला मिळेल का? (नाशिक रोड)

मिळू शकते, पण ठाण्यातून नाही, न्यायालयातून. खटला संपण्याची वाट पाहायची गरज नाही. मुद्देमाल परत मिळण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४९७ किंवा ५०३). सोबत फिर्याद, यादी, बिलं आणि फोटो जोडा. न्यायालय पोलिसांचं म्हणणं मागवतं आणि हरकत नसेल तर बंधपत्रावर वस्तू ताब्यात देतं. मौल्यवान वस्तू ठाण्यात पडून राहू नयेत, फोटो आणि पंचनामा करून त्या मालकाला द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे. खटला संपेपर्यंत ती वस्तू मोडायची किंवा विकायची नाही.

लगडीची अडचण अशी की तीत अनेक घरांचं सोनं मिसळलेलं असू शकतं. दुसऱ्या फिर्यादींनीही अर्ज केला तर वाटणी ठरते ती प्रत्येकाच्या फिर्यादीतल्या वजनावर आणि आरोपीने कुठल्या घराबद्दल काय दाखवून दिलं त्यावर. म्हणून वरच्या उत्तरात ग्रॅमचा आग्रह धरला.

घराचा विमा होता. कंपनी म्हणते, चोरी त्यात बसत नाही. खरं का? (कल्याण)

दुर्दैवाने खरं असू शकतं. गृहकर्जासोबत हल्ली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी गळ्यात पडते. ती आग, भूकंप, पूर अशा आपत्तींसाठी आहे. अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत, त्या आपत्तीमुळेच झालेली चोरी तेवढी तीत येते. एरवीची घरफोडी येत नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं विमा संरक्षण विकत घ्यावं लागतं. ते असेल तरी तीन गोष्टी तपासा: रोख रक्कम बहुधा वगळलेली असते, दागिन्यांची यादी आणि मूल्यांकन आधी दिलेलं लागतं, आणि बळजबरीने आत शिरल्याची खूण मागितली जाते. दार उघडं राहिलं आणि चोर आत आला, तर दावा बहुतेक फेटाळला जातो. चोर सापडला नाही तर पोलिस तपासाअंती ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी निष्पन्न नाही. विमा कंपनी तोच कागद मागते; ठाण्यात त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

आता दागिने लॉकरमध्ये ठेवणार असाल तर एवढं लक्षात घ्या: बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. त्यावरच्या ऐवजाचा विमा स्वतंत्र काढावा लागतो.

साडेतीन हजारांचं कुलूप लावलं होतं. ते जसंच्या तसं आहे, तरी चोर आत गेले. दुकानदाराने फसवलं का? (सातारा)

नाही. चोराने तुमच्या कुलपाला हातच लावला नाही. कुलूप उघडत बसायला त्याला वेळ नसतो. कुलूप ज्याला अडकवलंय ते तो उपटतो. निखळलेला कोयंडा पोलिसांनी जप्त केला नसेल तर नीट पाहा. तीन-चार एक इंची स्क्रू, त्यांच्या आट्यांत लाकडाचा भुसा, आणि स्क्रू वाकलेलासुद्धा नाही. पहारीचं टोक कोयंड्याखाली घालून एक हिसका दिला की स्क्रू भोकातून सरळ बाहेर येतो. कुलूप पाचशेचं असो की पाच हजारांचं, त्या एक इंच लाकडापलीकडे त्याची ताकद नाही. म्हणून पुढचा पैसा कुलपावर नको.

सुताराला पुढचं सांगा. पल्ल्यावरची कडी किंवा अल्ड्रॉप (कुलूप अडकवायची सरकती जाड कडी) स्क्रूवर न ठेवता आरपार बोल्टवर बसवायचा. बोल्ट ८ मिमीचा, गोल डोक्याचा आणि मानेपाशी चौकोनी असा घ्या. त्याला बाहेरून पाना लागत नाही. लांबी पल्ल्याच्या जाडीपेक्षा १५ ते २० मिमी जास्त. आतल्या बाजूने नुसता वॉशर देऊ नका, ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी सगळ्या बोल्टांखाली एकसंध घाला, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पट्टीभर पसरेल. नट आवळून उरलेला आटा कापा आणि टोक ठोकून बसवा.

चौकटीच्या बाजूला आरपार बोल्ट जमत नाही, कारण मागे भिंत असते. तिथे चौकटीतून भिंतीत किमान तीन इंच जाणारे अँकर हवेत. पण त्याआधी चौकटच घट्ट आहे का ते पाहा. दार लावून कुलपाच्या उंचीवर खांद्याने दाबा. चौकट आणि गिलाव्याच्या सांध्यात केसासारखी फट उघडमीट करत असेल, तर आतले होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) गंजले आहेत किंवा बसवलेलेच नाहीत. काही नव्या इमारतींत चौकट नुसत्या फोमवर उभी असते. प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी १० मिमीचे अँकर भिंतीत घाला आणि पोकळी सिमेंट-वाळूच्या एकास तीन मालाने भरून घ्या.

मग पल्ला. बोटाच्या पेराने ठोका. पोकळ आवाज आला तर त्या दाराला कसलंही कुलूप शोभेपुरतंच. बाहेरचं दार भरीव फ्लश डोअरच हवं. आयएस २२०२ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्या. मॉर्टिस कुलपासाठी (जे पल्ल्याच्या जाडीत बसतं) ३५ मिमीचा पल्ला कोरला की दोन्ही बाजूंना जेमतेम ८-१० मिमी लाकूड उरतं, आणि पल्ला फुटतो तो तिथेच. त्या जागी दोन्हीकडून लोखंडी पत्रा लावा. कुलपाचा सिलिंडर पत्र्याबाहेर ३ मिमीपेक्षा जास्त डोकावता कामा नये, नाहीतर पान्याने पकडून मोडता येतो.

नाइट लॅच असेल तर दार ओढून ‘खट्’ आवाज आला म्हणजे कुलूप लागलं असं नव्हे. ती नुसती स्प्रिंगची जीभ असते, प्लास्टिकच्या पट्टीनेही मागे सरते. बाहेरून किल्ली फिरवून ती अडकवायची. ती सोय नसेल तर लॅच बदला.

सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, त्यामुळे बिजागऱ्यांच्या खिळ्या जिन्याच्या बाजूला येतात आणि ठोकून काढता येतात. उपाय फार स्वस्त आहे. प्रत्येक बिजागरीच्या मधला एक स्क्रू काढून तिथे जाड स्क्रू असा बसवा की तो १० मिमी बाहेर राहील, त्याचं डोकं कापा आणि समोरच्या पात्यातलं भोक मोठं करा. दार मिटलं की तो खुंट त्या भोकात बसतो. मग खिळी काढली तरी पल्ला हलत नाही.

पावसाळ्यात दार फुगून कुलपाची जीभ अडू लागते. लोक अशा वेळी चौकटीतलं भोक कानशीने मोठं करतात, आणि हिवाळ्यात दार खुळखुळतं. भोकाला हात लावू नका. पल्ल्याची कड रंध्याने २-३ मिमी घ्या आणि उघड्या लाकडाला लगेच ऑइल पेंट लावा; कड कोरी राहिली तर पुढच्या पावसात तेच होणार.

बंगल्याला मागे सरकत्या काचा आहेत, बाहेर ग्रिल. चोरांनी ग्रिलचे स्क्रू काढून काच उचलून घेतली. (कोल्हापूर)

सरकती झडप वरच्या खाचेत ढकलून उचलली की खालच्या रुळातून सुटते. ती बसवतात तशीच. झडप बंद करून वरच्या पट्टीत तिच्या माथ्यावर दोन स्क्रू असे मारा की मध्ये २-३ मिमीच अंतर राहील. सरकायला अडचण येत नाही, उचलता मात्र येत नाही.

ग्रिल १२ मिमी चौरस सळईचं, दोन सळयांत चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवून, आणि पाय भिंतीत गाडलेलं असावं. स्क्रूवरच ठेवायचं असेल तर डोक्यांवर वेल्डिंगचा टिपका द्या. पण घराला पिंजरा करू नका. आग लागली तर बाहेर पडायला एका खिडकीच्या ग्रिलला दोन फूट बाय अडीच फुटांची झडप हवीच. तिला आतून कुलूप, आणि किल्ली खोलीतच, खिडकीतून हात घालून पोचणार नाही इतक्या अंतरावर टांगलेली. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, ती जागा ठाऊक हवी. न्हाणीघराच्या काचपट्ट्या आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक लोक विसरतात. तिथेही सळया टाका.

सोसायटीत चार कॅमेरे होते. चोर डीव्हीआरच घेऊन गेले. आता कोणते कॅमेरे घ्यावेत? (डोंबिवली)

कॅमेरा चोर ओळखायला मदत करतो, त्याला अडवत नाही. दारांची कामं झाली नसतील तर आधी ती करा.

डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, वॉचमनच्या टेबलाखाली ठेवला की तो पहिला जातो. मीटर रूममध्ये किंवा सचिवांच्या घरी, भिंतीला बोल्टने जखडलेल्या पेटीत ठेवा. पेटीला हवेची छिद्रं हवीत, नाहीतर डिस्क तापून मरते. एका तरी कॅमेऱ्याचं चित्रण क्लाउडवर जाऊ द्या. डीव्हीआर, राउटर आणि कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा तिन्ही यूपीएसवर घ्या. नुसता डीव्हीआर यूपीएसवर असेल तर वीज गेल्यावर तो काळा पडदा साठवत बसतो.

साठवणुकीचा हिशेब करून डिस्क घ्या. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने दिवसाला सुमारे २१.६ जीबी साठवतो. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. म्हणजे १ टीबीत अकरा दिवस, त्यानंतर जुनं पुसलं जातं. मे महिन्यात लोक तीन आठवडे गावी असतात, तेव्हा २ टीबी घ्या.

गेटचा कॅमेरा वीस फुटांवर टांगला की टोप्या आणि टकलं दिसतात, चेहरे नाहीत. तो सात ते साडेआठ फुटांवर लावा, आणि लेन्स ४ किंवा ६ मिमीची घ्या, २.८ मिमीत सगळं दिसतं पण चेहरा तांदळाएवढा येतो. मागे ऊन असेल तर डब्ल्यूडीआरची, म्हणजे उजेड-अंधार दोन्ही नीट टिपण्याची, सोय लागेल. काचेच्या आतून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री आंधळा होतो, त्याचाच इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून परत येतो. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

डीव्हीआरचं घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा. चित्रण पोलिसांना देताना घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते लिहून द्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा. त्याशिवाय न्यायालयात त्या चित्रणावर हरकत येते.

आमच्या घरात चोर आले तेव्हा आई आतल्या खोलीत झोपलेली होती. तिला काही झालं नाही, पण आता ती रात्रभर जागी असते, दहादा कडी पाहते. आम्ही समजावतो, ‘आता नाही येणार कोणी.’ उपयोग होत नाही. (नागपूर)

त्या वाक्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, कारण ते कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. त्यांना हाताने तपासता येईल असं काही द्या. दाराचं काम सुरू असताना त्यांना जवळ बसवा, बोल्ट कुठून कुठे गेला ते सुताराला दाखवू द्या. खोलीला आतून टॉवर बोल्ट, उशाशी टॉर्च आणि चार्ज केलेला फोन, त्यात ११२ आणि शेजाऱ्यांचा नंबर एका बटणावर. झोपताना कड्या पाहण्याची एक फेरी त्यांच्यासोबत करा, ‘पाहिलं, लागलंय’ असं मोठ्याने म्हणा. नंतर पुन्हा उठल्या तर चिडू नका.

पहिले दोन-तीन आठवडे झोप उडणं, आवाजाने दचकणं स्वाभाविक आहे. महिना उलटला आणि जेवण, झोप, बाहेर जाणं सुटलंच आहे असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. आणखी एक, मनापासून सांगतो: ‘तुला कसा आवाज आला नाही?’ हे घरात कोणीही, चेष्टेतही, पुन्हा विचारू नका. त्या जाग्या झाल्या नाहीत, हेच त्या रात्री त्यांच्या भल्याचं झालं.

सगळे कामवाल्या मावशींवर संशय घेताहेत. फिर्यादीत नाव द्यावं का? (ठाणे)

जे पाहिलंय तेवढंच सांगा: घरी कोण कोण येतं, किल्ली कोणाकडे असते, शेवटचं कोण कधी आलं. चौकशी पोलिस करतील. ‘आमचा संशय अमुकवर’ असं नुसत्या अंदाजाने लिहून दिलं की एका बाईची सगळ्या इमारतीतली कामं सुटतात, आणि खरा चोर दुसराच निघाला तरी ती परत मिळत नाहीत. स्वतः झडती घेणं, धमकावणं तर अजिबात नको.

गणपतीला आठ दिवस कोकणात जातो. मागच्या वर्षी शेजारचं घर फुटलं. (भांडुप)

बाहेरून दिसणारं कुलूप काढा. जिन्यातून जाणाऱ्याला लोंबतं कुलूप म्हणजे घर रिकामं असल्याची पाटी. आतल्या मॉर्टिस कुलपाने दार बंद करा. दूध आणि पेपर थांबवा, दाराशी एक-दोन चपलांचे जोड राहू द्या. एक दिवा सतत चालू ठेवला तर भर दुपारीही जळताना दिसतो. त्यापेक्षा टायमरवर संध्याकाळी सात ते अकरा लावा. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. पोलिस ठाण्यात कळवून जा, गस्तीला उपयोग होतो. जीएसएम अलार्म (सिमवरून फोन लावणारा) असेल तर त्यातल्या सिमचा रिचार्ज निघण्याआधी पाहा; बरेच अलार्म गप्प राहतात ते तेवढ्यासाठी.

कोकणातलं घर वर्षभर बंद असेल तर तिथेही हेच, शिवाय खारी हवा: महिन्याकाठी कोणाला तरी कुलपात ग्रॅफाइटची पूड घालायला सांगा. तेलाने धूळ चिकटते.

आणि मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून एक काम करा. चोर एक घर फोडताना शेजारच्या दारांना बाहेरून कड्या लावतात, म्हणजे जाग आली तरी कोणी बाहेर येत नाही. मुख्य दाराची बाहेरची कडी आता कशालाच लागत नसेल तर सगळ्यांनी ती काढून टाका, आणि भोकं बुजवून घ्या.